गॅस की कोळसा? आमच्या अंगणातला विस्तव

शिकागोच्या पश्चिमेच्या एका उपनगरात आम्ही घर घेतलं. किल्ल्या हातात आल्या त्या दिवशी मी मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले आणि मनात पहिलं आलं ते हे, की आता इथे वांगं भाजता येईल.

मी यावल तालुक्यातली. बामणोद आमच्या गावापासून लांब नाही, आणि भरताच्या वांग्याचं नाव निघालं की आमच्याकडे बामणोदचं नाव निघतंच. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवायच्या, जाळावर ती हिरवी-पांढरी, हाताएवढी वांगी टाकायची, साल काळी पडून फुटली की काढायची, आणि गरम असतानाच हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून ठेचायची. सोबत कळण्याची पुरी. आता जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. नवरा वेंगुर्ल्याचा. त्याची आठवण वेगळी: पावसाळ्यात आजी चुलीतल्या निखाऱ्यांवर सुका बांगडा भाजायची, तो आणि पेज.

आधीची सहा वर्षं आम्ही भाड्याच्या घरात काढली, दुसऱ्या मजल्यावर, लाकडी बाल्कनी. करारात स्पष्ट लिहिलं होतं, कुठलीही ग्रिल, म्हणजे बाहेर ठेवून भाजायची शेगडी, चालणार नाही. तेव्हा मला तो घरमालकाचा हट्ट वाटायचा. नंतर वाचलं की अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांनी स्वीकारलेल्या अग्निसुरक्षा नियमांतच तसं आहे: अनेक कुटुंबांच्या इमारतीत, जळू शकेल अशा बाल्कनीवर किंवा जळू शकेल अशा भिंतीपासून १० फुटांच्या आत कोळशाची किंवा उघड्या ज्वाळेची शेगडी पेटवायची नाही. एक पौंडाच्या छोट्या प्रोपेनच्या डब्यावर चालणाऱ्या शेगडीला त्यात सूट आहे, आग विझवणारे पाण्याचे फवारे बसवलेल्या इमारतीलाही आहे. आमच्या मालकाने सरसकट नाही म्हटलं होतं, आणि लाकडाच्या त्या सांगाड्यात वर-खाली मिळून बारा कुटुंबं राहत होती हे पाहता ते योग्यच होतं. पण त्या सहा वर्षांत मी भरीत केलं ते ओव्हनमध्ये. तिथे वांगं मऊ होतं, सुरकुततं, पण भाजत नाही. सुका बांगडा तर आम्ही घरात आणलाच नाही. सगळ्या जिन्यात वास गेला असता.

तर घर झालं, एप्रिलमध्ये. मे महिन्यात आम्ही दुकानात गेलो. तिथे गॅसच्या ग्रिलची रांगच्या रांग, तीन बर्नर, चार बर्नर, बाजूला भाजीचं पातेलं ठेवायला वेगळी शेगडी. कोपऱ्यात कोळशाच्या दोन-तीन काळ्या गोल, झाकणाच्या शेगड्या, त्यांना इथे केटल म्हणतात. विक्रेत्याने विचारलं ते एवढंच, की बर्नर किती हवेत. कोळसा की गॅस हा प्रश्न त्याने घेतलाच नाही. नवऱ्याने एका तीन बर्नरच्या ग्रिलची किंमत पाहिली, साधारण पाचशे डॉलर. केटल दोनशेच्या थोडी वर. गॅसची घेऊन टाकू, सोपं पडेल, असं आमचं जवळजवळ ठरलं होतं. माझ्या मनात मात्र काड्यांचा जाळ होता, आणि पाचशे डॉलर देऊन पुन्हा ओव्हनसारखंच भरीत खायची माझी तयारी नव्हती. आज राहू दे, म्हणाले.

शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात. त्यांना हे कळलं तेव्हा म्हणाले, मी जूनभर मुलीकडे चाललोय, माझी गॅसची ग्रिल वापरा, मग ठरवा. त्या एका वाक्याने आमचे पैसेही वाचले आणि चूकही टळली. कोणी विचारलं तर मी आता हेच सांगते, की विकत घेण्याआधी महिनाभर कुणाची तरी वापरून बघा.

त्यांनी जाण्याआधी अर्धा तास उभं राहून सगळं दाखवलं. झाकण उघडं ठेवल्याशिवाय बर्नर पेटवायचा नाही, कारण बंद झाकणाखाली गॅस साठला तर ठिणगीबरोबर भडका उडतो. नळी जोडली की साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहायचं. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवण्याआधी बर्नरच्या नळ्या साफ करायच्या, कारण कोळी आत जाळं करतात आणि ज्योत उलटी फिरते. सिलिंडर घरात किंवा गॅरेजमध्ये ठेवायचा नाही, प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचून राहतो. आणि ग्रिल भिंतीला लागून ठेवायची नाही. त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीवर विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पट्ट्या एका ठिकाणी मेणासारख्या ओघळलेल्या आहेत, त्या त्यांनी हात लावून दाखवल्या. एका उन्हाळ्यात ग्रिल दीड फुटावर होती, एवढंच कारण.

पहिले दोन आठवडे मी खरोखर खूश होते. कामावरून आलं, बर्नर लावला, दहा-पंधरा मिनिटांत जाळी तापली. पनीर, ढोबळी मिरची, अननसाचे काप, मुलांसाठी कणसं. स्वयंपाकघर तापत नाही, जुलैत हे फार मोठं सुख आहे. कणसाबद्दल एक सांगायला हवं: इथला मका फार गोड, त्यातली साखर लगेच करपते. आपल्या देशी कणसासारखं सोलून थेट आचेवर धरलं की बाहेरून काळं आणि आतून कच्चं. वरच्या पानांसकट पाण्यात भिजवून भाजायचं, शेवटची दोन मिनिटं सोलून. मग लिंबू, मीठ, तिखट.

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी ग्रिल तापेचना. तिन्ही बर्नर पूर्ण उघडे, ज्योत पेटलेली, पण झाकणावरचा काटा २५० फॅरनहाइटच्या वर सरकत नव्हता. आम्हाला वाटलं गॅस संपला. आईची युक्ती आठवली, सिलिंडरवरून ओलं फडकं फिरवायचं, खालचा जिथपर्यंत ओला राहतो तिथपर्यंत गॅस. इथे लोक गरम पाणी ओतून हाताने चाचपतात, थंड लागतं तिथपर्यंत द्रव असतो. तसं केलं, अर्धा भरलेला होता. मग कळलं की चूक आमची होती. आम्ही बर्नरचे खटके आधी उघडून ठेवले होते आणि मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात फिरवला होता. एकदम जोराने गॅस धावला की जोडणीतली सुरक्षा-यंत्रणा समजते नळी तुटली, आणि प्रवाह आवळते. सगळं बंद करायचं, जोडणी सोडवायची, थोडं थांबून पुन्हा जोडायचं, आणि व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडायचा. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक चांगली ग्रिल बिघडली म्हणून टाकून देत असतील.

सिलिंडरचं गणितही तेव्हाच समजलं. ज्याला इथे वीस पौंडी म्हणतात, तो किराणा दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून रिकाम्याच्या बदल्यात घेतला तर त्यात बहुधा पंधरा पौंड गॅस असतो. भरून देणाऱ्या दुकानात नेला की पूर्ण भरून मिळतो. पंधरा पौंड म्हणजे सुमारे सात किलो, आपल्या घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरच्या निम्मा.

आता वांगं. ते मी पहिल्याच आठवड्यात भाजलं होतं आणि निराश झाले होते. गॅसच्या ग्रिलमध्ये बर्नर आणि जाळी यांच्यामध्ये तिरक्या पत्र्यांची छोटी छपरं असतात. मांसातली चरबी त्यांवर गळते, जळते, तिचा धूर वर येतो आणि तोच त्या पदार्थाला लागतो. वांग्यात गळायला चरबी नाही, त्यामुळे धूरही नाही. आणि ज्योत पत्र्याखाली असल्यामुळे साल पेटत नाही. गावाकडच्या नाही, पुण्यातल्या फ्लॅटमधल्या साध्या गॅसच्या शेगडीवर सुद्धा वांगं जास्त चांगलं भाजलं जातं, कारण तिथे ज्योत सालीला थेट लागते.

जूनच्या मध्यावर आई-अण्णा आले. अण्णा माळकरी. शेजाऱ्यांच्या त्या ग्रिलवर वर्षानुवर्षं बर्गर आणि डुकराचे सॉसेज भाजले गेले होते, जाळ्या मी घासल्या होत्या, पण आतल्या पेटीच्या भिंतींवर, पत्र्यांवर, खालच्या तबकात जुन्या चरबीचा थर होताच. मी वांगी त्यावरच भाजली. अण्णा काही बोलले नाहीत. भाकरी घेतली, दही घेतलं, लोणचं घेतलं आणि भरताची वाटी तशीच बाजूला ठेवली. माझे वडील एका ताटाला नाव ठेवणारे नाहीत, म्हणूनच ती वाटी मला फार लागली. आई फॉइल घातलं की चालतं म्हणणारी, तिने खाल्लं, आणि म्हणाली, "वाफवलंय गं हे."

आईचं ते वाक्य बरोबर होतं, माझ्या अपेक्षेपेक्षाही जास्त. प्रोपेन जळतं तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं: एक किलो प्रोपेन जळलं की साधारण १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. झाकणाखाली ती वाफ पदार्थाभोवती फिरते. कोळसा म्हणजे बहुतेक सगळा कार्बन, त्याची आच कोरडी, आणि निखाऱ्यातून निघणारी उष्णता उन्हासारखी थेट अंगावर येते. कोंबडीची कातडी कोळशावर कुरकुरीत होते त्यात याचा वाटा आहे.

जुलैत नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मित्राने त्याची जुनी केटल महिनाभरासाठी दिली. या केटलची जन्मकथा आमच्याच भागातली. १९५२ साली शिकागोत वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणारा जॉर्ज स्टीफन घरच्या उघड्या शेगडीवर वाऱ्या-पावसाने वैतागला होता. त्या कारखान्यात मिशिगन सरोवरात तरंगणारे बोये बनायचे, पत्र्याचे मोठे गोल. त्याने असा गोल मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. इथे एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जो वारा वाहतो, त्यात उभं राहिलं की या माणसाला हे इथेच का सुचलं ते कळतं.

मग आम्ही एका रविवारी परीक्षा घेतली. शेजारचे आजोबा परत आले होते, त्यांचीही उत्सुकता जागी झाली होती. त्यांनी गॅस पेटवला, नवऱ्याने कोळसा. चार वांगी, एकाच दुकानातली, साधारण एकाच वजनाची. इथली मोठी जांभळी वांगी, भरताला बरी, पण आपल्या वांग्यापेक्षा पाणी जास्त. सगळ्यांना तेलाचा हात, सगळ्यांना सुरीचे टोचे, नाहीतर फुटतात. दोन गॅसवर, एक केटलच्या जाळीवर, एक जाळी काढून थेट निखाऱ्यांत. प्रत्येकाचा गर वेगळ्या वाटीत, नुसतं मीठ. आई पाठ करून बसली, कुठली वाटी कसली ते तिला सांगितलं नव्हतं.

गॅसवरची दोन आणि केटलच्या जाळीवरचं एक, या तिन्हींत तिला काही फरक वाटला नाही. मला मात्र फरक वाटतो असं मी म्हणत होते, पण मग मीही पाठ करून खाल्लं आणि मलाही ओळखता आलं नाही. निखाऱ्यांतलं मात्र तिने पहिल्या घासाला ओळखलं. साल पूर्ण कोळसा झालेली, आतला गर आटून घट्ट, कडेला करपल्याचा तो कडसर-गोड वास. "हे खरं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण धूर नाही याला."

दोन दिवस मी त्या वाक्याचा विचार करत होते. कोळसा आहे, आग आहे, मग धूर का नाही? उत्तर साधं आहे, आणि ते कळल्यावर या सगळ्या गॅस-कोळशाच्या वादाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. लाकूड कमी हवेत जाळून त्यातला ओलावा, डांबर, वास देणारे सगळे वायू आधीच काढून टाकले की उरतो तो कोळसा. म्हणजे कोळशाचा धूर भट्टीतच निघून गेलेला असतो. पूर्ण पेटलेला, राखाडी पडलेला निखारा जवळजवळ बिनवासाचा जळतो. ज्याला लोक कोळशाची चव म्हणतात, ती बरीचशी निखाऱ्यावर गळलेल्या चरबीची आणि मसाल्याची असते. आमच्या शेतात तर कोळसा नव्हताच. तिथे काड्या होत्या, ओल्या-सुक्या, ज्वाळेने जळणाऱ्या. मी सहा वर्षं कोळशाची आठवण काढत होते, आणि जिभेला हवा होता तो लाकडाचा धूर.

पुढच्या रविवारी निखाऱ्यांवर सफरचंदाच्या लाकडाचे मुठीएवढे दोन तुकडे टाकले, वांगी निखाऱ्यांत सरकवली, आणि झाकण लावून वरची झडप अर्धी उघडी ठेवली. त्याआधी एकदा हिकोरीचं लाकूड वापरलं होतं, ते मांसाला छान, वांग्याला फार उग्र. सफरचंदाचा धूर सौम्य. चीडसारखं राळेचं लाकूड किंवा रंग लावलेल्या फळ्यांचे तुकडे मात्र कधीही टाकू नयेत, धूर कडवट होतो आणि विषारीही. आईने चाखलं आणि म्हणाली, "आता जवळ आलं." तिच्याकडून एवढं ऐकलं की मला पुरतं.

निर्णय त्या रात्री झाला. आम्ही दोघं डेकच्या पायऱ्यांवर बसून बोलत होतो. नवऱ्याने गॅसची बाजू नीट मांडली, आणि ती बाजू खरी होती. कामाच्या दिवशी कोळसा पेटवायला वेळ कोणाला? चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या डब्यात, कोळसा भरून तयार व्हायला पंधरा-वीस मिनिटं, मग पसरून जाळी तापायला दहा, शेवटी राख. गॅसचा खटका बंद केला की काम संपलं. मी विचारलं, कामाच्या दिवशी आपण बाहेर काय भाजणार? पनीर, भाज्या, कणीस. ते सगळं घरातल्या गॅसवर, तव्यावर होतं. नव्या घरात गॅसची शेगडी आहेच. मग पाचशे डॉलर देऊन अंगणात दुसरा गॅस कशाला? अंगणात ते हवं जे स्वयंपाकघरात होऊ शकत नाही, आणि ते म्हणजे निखारे आणि धूर. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि बांगडा." तिथे ठरलं.

आमच्यासाठी ठरलं, असं म्हणायला हवं. माझी एक मैत्रीण गणपतीत तीस माणसांना जेवायला बोलावते, एका वेळी चार बर्नरवर वेगवेगळ्या आचेवर वेगवेगळं ठेवते, आणि तिच्या मनगटाचं दुखणं असल्याने कोळशाच्या पिशव्या उचलणं तिला शक्य नाही. तिने गॅस घेतला आणि तिचा निर्णय शंभर टक्के बरोबर आहे. ज्यांच्या घरात विजेची शेगडी आहे त्यांचंही गणित वेगळं निघेल. बाहेर गॅस आला की त्यांना फुलके फुगवायला ज्योत मिळते, हे काही लहान नाही.

नवी केटल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली, बावीस इंची. सोबत एक जादा जाळी, आणि दुसरा चिमटा. अण्णांनी दोन्ही हातात घेऊन पाहिलं. मी त्यांना विचारलं, तुम्ही सांगाल तसं करू. ते म्हणाले, "जाळी वेगळी, चिमटा वेगळा, आणि विस्तव पेटला की आधी आमचं." हा नियम आमच्या घरात आजही आहे, ते इथे नसले तरी. शाकाहारी जाळीच्या कडेला तांब्याची तार गुंडाळलेली आहे. आधी वांगी, कणसं, पनीर. मग जाळी बदलायची आणि कोंबडी-मासे. गॅसवर असं करता आलं असतं का? जाळ्या बदलता येतात, पण खालचे पत्रे आणि पेटी तीच राहते. केटलमध्ये प्रत्येक वेळी जुनी राख काढून नवा विस्तव पेटतो. अण्णांना तो फरक पटला.

कोळसा शिकायला मात्र उन्हाळ्याचे उरलेले सगळे रविवार लागले. पहिली चूक जास्त कोळशाची. पिशवीवरच्या चित्रासारखी पूर्ण तळ झाकेल एवढी रास केली आणि कोंबडीच्या तंगड्या बाहेरून काळ्या, हाडाजवळ लाल. तेव्हापासून कोळसा एकाच बाजूला लावतो, अर्धी केटल रिकामी. आधी रिकाम्या बाजूला झाकण लावून शिजू द्यायचं, शेवटी निखाऱ्यांवर आणून रंग द्यायचा. आणि थर्मामीटर घेतला, दहा-पंधरा डॉलरचा. कोंबडीचा सगळ्यात जाड भाग १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस, झाल्याशिवाय काढायचा नाही. रंगावरून अंदाज करणं मी सोडून दिलं आहे, मुलं खाणार असतात.

दुसरी चूक पेटवण्याच्या तेलाची. पहिल्या वेळी बाटलीतलं तेल ओतून पेटवलं आणि सगळ्या पनीरला रॉकेलसारखा वास. चिमणी म्हणजे खाली जाळी असलेला पत्र्याचा उभा डबा, खाली वर्तमानपत्राचे दोन बोळे, वर कोळसा. तेलाची गरजच नाही. वरच्या कोळशांच्या कडा राखाडी झाल्या की ओतायचा. आच हाताने मोजायला आईने शिकवलं, तव्यावर मोजतो तशीच: जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरायचा, दोन-तीन आकड्यांत मागे घ्यावा लागला तर कडक, पाच-सहा झाले तर मध्यम.

ब्रिकेट आणि लंप यांतही आम्ही चाचपडलो. ब्रिकेट म्हणजे कोळशाच्या भुग्याच्या, एकसारख्या आकाराच्या छोट्या उशा. हेन्री फोर्डच्या मिशिगनमधल्या लाकूड-गिरणीत मोटारींसाठी लाकूड कापताना जो भुसा-तुकडे उरायचे, त्यांपासून १९२० च्या दशकात त्या मोठ्या प्रमाणावर बनू लागल्या, आणि आजही तोच धंदा किंग्जफर्ड नावाने चालू आहे. त्या सावकाश, एकसारख्या जळतात, कोंबडीला चांगल्या. लंप म्हणजे साधा लाकडी कोळसा, वेडेवाकडे तुकडे, लवकर पेटतो, कडक तापतो, कधी ठिणग्या उडवतो, राख कमी. वांगं थेट निखाऱ्यांत ठेवायचं तर मी लंपच घेते, ब्रिकेटमध्ये बांधणीला घातलेलं पीठ वगैरे असतं, ते वांग्याच्या सालीला लागू नये असं वाटतं.

आणि बांगडा. ताजा इथे मिळत नाही, भारतीय दुकानातला गोठवलेला. चिरा देऊन हळद, मीठ, मालवणी मसाला, कोकमाचं आगळ, केळीच्या पानात गुंडाळून जाळीवर. पहिल्यांदा पान न घेता ठेवला होता, अर्धा बांगडा जाळीलाच राहिला. जाळी चांगली तापलेली, घासलेली आणि तेल लावलेली असेल, आणि मासा उलटायची घाई केली नाही, तर सुटतो. पानात ते सगळं सोपं होतं. सुका बांगडा आई-अण्णा परत गेल्यावर, ऑक्टोबरात भाजला, उरलेल्या मंद निखाऱ्यांवर. शेजारच्या आजोबांना आधी जाऊन सांगितलं होतं की आज वास येईल. नवऱ्याने पेज केली होती. त्या दिवशी तो फार बोलला नाही.

राखेबद्दल मी सगळ्यांना सांगते. वरून विझलेला वाटणारा कोळसा आत दुसऱ्या दिवसापर्यंत धगधगत असतो. जेवण झालं की वरच्या-खालच्या दोन्ही झडपा बंद करायच्या, हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. राख दुसऱ्या दिवशी झाकणाच्या लोखंडी बादलीत, घरापासून लांब. कागदाच्या पिशवीत किंवा प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात कधीच नाही. आणि पाऊस आला म्हणून पेटलेली केटल गॅरेजमध्ये ओढायची नाही, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. आम्ही एकदा पाऊस आला तसे छत्री धरून उभे राहिलो, वांगी ओली झाली, पण भाजली गेली.

आई-अण्णा सप्टेंबरच्या शेवटी निघाले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी स्वतः विस्तव पेटवला. चिमणी त्यांनी वापरली नाही. अंगणातल्या जुन्या सफरचंदाच्या झाडाच्या वाळलेल्या काटक्या आठवडाभर गोळा करून ठेवल्या होत्या, त्या रचल्या, खाली कागद घातला, उकिडवे बसले आणि फुंकर मारली. ज्वाळा बसून निखारे झाले तेव्हा वांगी टाकली. मी साल काढायला घेतली आणि सवयीने आधी देठ कापायला सुरी उचलली.

"देठ राहू दे गं," ते म्हणाले. "धरायचं कशाला मग?" आणि त्यांनी देठाला धरून वांगं उलटं केलं, दुसऱ्या हाताने वरून खाली एकदा ओढलं, आणि साल एका पट्टीत निघून आली.